प्रकटीकरण पहिल्यांदा वाचताना: पेन्सिल हवी, कॅलेंडर नको

१९८७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. फळ्यावर त्यांनी १९४८ लिहिलं, खाली ४० लिहिले आणि बेरीज केली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातलं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, ‘ही पिढी’ म्हणजे ४० वर्षं. तेव्हा १९८८ सरायच्या आत सगळं आटोपणार. आमच्या घरात १९४८ म्हटलं की आजोबांना निजामाचं राज्य गेलेलं आठवायचं, तो भाग वेगळा. मी दहावीत होतो. जगच राहणार नाही तर बीजगणित कशाला, असा सरळ हिशेब करून मी गणिताची वही मिटवली. मार्चमध्ये नापास झालो, ऑक्टोबरला पुन्हा पेपर दिला, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेला बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

प्रचारकांची बेरीज बरोबर होती. फळ्यावर आकडे लिहिण्याआधीच चूक झाली होती: हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांना ते कसे कळले असतील, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ‘कधी?’ हा प्रश्न आधी घेतला की पुढचं सगळं घसरतं.

आता दर गुरुवारी संध्याकाळी जालन्यात आम्ही दहा-बारा जण एकत्र बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो. कोणी सळयांच्या कारखान्यात आहे, कोणी बियाण्यांच्या कंपनीत, दोन शिक्षिका आहेत, एक निवृत्त कंडक्टर आहेत. त्यातली दानीएल (जुन्या करारातलं) आणि प्रकटीकरण (नव्या करारातलं शेवटचं) ही पुस्तकं नव्याने हातात घेणारा प्रत्येक जण सुरुवात कुठून करू असं विचारतो, म्हणून आमची पद्धत लिहून काढतोय. तुम्ही ख्रिस्ती नसाल, नुसतं कुतूहल असेल, तरी पायऱ्या याच.

सामान थोडं लागतं. संदर्भवचनं छापलेलं पवित्र शास्त्र (बारीक अक्षरात ‘दानी. ७:१३’, म्हणजे दानीएल, अध्याय ७, वचन १३, असं दिलेलं असतं ते), सोप्या मराठीतली एखादी दुसरी आवृत्ती, एक वही आणि पेन्सिल. पेन नको. पहिल्या वर्षी समासात लिहिलेलं बरंचसं दुसऱ्या वर्षी खोडावं लागतं.

नावापासून सुरुवात

आपल्या भागात या पुस्तकाचं नाव काढलं की कोणाला प्रलय आठवतो, कोणाला कलियुगाचा शेवट, शेजारच्या चाचांना कयामत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पडदा बाजूला करणं, झाकलेलं उघडं करणं. मराठीत ‘प्रकटीकरण’ आणि उर्दूत ‘मुकाशफ़ा’, दोन्ही नावं अचूक आहेत. नाश हा त्यातला एक भाग. नाव काही त्याच्यावरून पडलेलं नाही.

दुसरा शब्द ‘संदेष्टा’. मराठी शास्त्राने हा शब्द फार विचारपूर्वक निवडलाय असं मला वाटतं. संदेष्टा म्हणजे संदेश आणणारा. आमोस, यशया, यिर्मया यांची पुस्तकं चाळा: त्यांचा बहुतेक वेळ समोरच्या राजाला, व्यापाऱ्याला, याजकाला आजच्या वागण्याचा जाब विचारण्यात जातो. पुढे काय होईल हेही ते सांगतात, पण त्यांचं काम ज्योतिषाचं नव्हे. प्रकटीकरणाचा लेखक योहान पहिल्याच अध्यायात आपल्या लिखाणाला संदेश म्हणतो, आणि लगेच पत्राचा मायनाही लिहितो: आशियातल्या सात मंडळ्यांस. म्हणजे एकाच पुस्तकात तीन गोष्टी आहेत, प्रकटीकरण, संदेश आणि पत्र. पत्र आहे म्हटल्यावर ते कोणाला लिहिलंय हे विचारावंच लागतं.

राहिला प्रश्न विचित्र चित्रांचा. सात डोक्यांचं श्वापद, विंचवासारख्या शेपटीचे टोळ, चंद्रावर उभी असलेली बाई. मराठवाड्यातल्या माणसाला हे अवघड जायला नको खरं तर. पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड लागलं की कोणी मांत्रिकाला बोलवायला धावत नाही. तो विंचू म्हणजे कामक्रोध हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि तरीही नांगी लागल्यासारखं वाटतंच. योहानाच्या काळच्या यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना अशा चित्रभाषेची सवय होती. आपण तेवढी सवय लावून घ्यायची.

एकदा सगळं ऐका

प्रकटीकरण १:३ मध्ये वाचून दाखवणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक. त्या मंडळ्यांत वाचता येणारे थोडेच असणार. म्हणून पहिल्या दिवशी अभ्यास करू नका. एकाने मोठ्याने वाचायचं, दमला की दुसऱ्याने घ्यायचं, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. २२ अध्याय आहेत. मधे चहाला थांबलात तरी एका संध्याकाळीत होतात. काही कळलं नाही तर नाही. थांबून ‘याचा अर्थ काय?’ विचारायला त्या दिवशी बंदी.

शेवटी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: कानात काय राहिलं? आमच्याकडे पहिल्या वेळी एक आजी म्हणाल्या, “यात गाणीच लई हैत की.” मी तोवर हे पुस्तक चार-पाचदा वाचलं होतं आणि गाण्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. चौथा, पाचवा, सातवा, अकरावा, पंधरावा, एकोणिसावा, दर थोड्या अध्यायांनी कोणीतरी गातंय. तक्ते काढणाऱ्याला गाणी दिसत नाहीत, कारण गाण्यांना तारीख नसते.

दानीएलाकडे मागे चला

प्रकटीकरणात जुन्या कराराचे शेकडो पडसाद आहेत, पण ‘यशयाने म्हटल्याप्रमाणे’ असं योहान एकदाही सांगत नाही. ऐकणाऱ्यांना ते पाठ असणार हे तो धरूनच चालतो. आपल्याला पाठ नसतं, म्हणून निदान दानीएल तरी आधी वाचायचा.

सुरुवातीला २, ७ आणि ८ हे तीन अध्याय पुरेत. दुसऱ्यात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाला, नबुखद्नेस्सराला, स्वप्नात पुतळा दिसतो: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, आणि पावलं लोखंड-मातीची. सातव्यात समुद्रातून चार श्वापदं निघतात, सिंहासारखं, अस्वलासारखं, चित्त्यासारखं, आणि दहा शिंगांचं चौथं. आठव्यात मेंढा आणि बकरा. आठव्याला पेन्सिलीने मोठी चौकट करा, कारण तिथे अर्थ मजकूरच सांगतो: ८:२०-२१ प्रमाणे मेंढा म्हणजे मेदय व पारस यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. प्राणी म्हणजे राज्य, शिंग म्हणजे राजा. हा कोश एकदा हाताशी आला की पुढे अंदाज बांधायची गरज कमी होते.

आता प्रकटीकरण १३:१-२ उघडा. समुद्रातून एकच श्वापद वर येतं. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा. दानीएलाची चारही श्वापदं योहानाने एकात कालवली आहेत. आजवरच्या सगळ्या जुलमी राज्यांचा अर्क समोर उभा आहे, असं त्याच्या श्रोत्यांना दिसलं असणार. हे लक्षात आलं तेव्हा आमच्या कंडक्टरकाकांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मग आतापर्यंत आपण काय वाचत होतो?”

अशा आणखी जोड्या वहीत लिहीत जा. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायातले चार प्राणी यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायातून आले. सहाव्यातले घोडे जखऱ्याच्या १ आणि ६ मधले. कर्णे आणि वाट्यांच्या पीडा निर्गमातल्या मिसरी पीडांची आठवण देतात. शेवटची नदी यहेज्केल ४७ मधून वाहत येते. संदर्भवचनांच्या मदतीने हे ज्याचं त्याने शोधावं. दुसऱ्याने दिलेली यादी डोक्यात राहत नाही.

दानीएलाच्या काळाबद्दल वाद आहे, तो लपवू नका. परंपरेने पुस्तक इ.स.पू. सहाव्या शतकातलं, बाबेलच्या बंदिवासातलं मानतात. आजचे अनेक अभ्यासक त्याला आताचं रूप इ.स.पू. १६७ ते १६४ च्या सुमारास मिळालं म्हणतात. त्या काळात अँटिओकस एपिफानेस या राजाने यरुशलेमचं मंदिर विटाळलं होतं, आणि ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ हे दानीएलातले शब्द त्या घटनेला नेमके बसतात. गटात दोन्ही मतांची माणसं असतील. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: परक्या सत्तेखाली चिरडल्या जाणाऱ्या लोकांना हे पुस्तक धीर देत होतं.

सात गावं नकाशावर

इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळी आजच्या तुर्कस्तानात. स्मुर्णा म्हणजे आताचं इझमीर. मोबाइलवर नकाशा उघडा, योहान जिथे होता ते पात्म बेट शोधा आणि तिथून सातही ठिकाणं ज्या क्रमाने पत्रात आली आहेत त्या क्रमाने बोट फिरवा. साधारण गोल फेरी होते. पत्र घेऊन निघालेला माणूस याच वाटेने गेला असेल. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि पुस्तक हवेतून जमिनीवर येतं.

मग एकेका गावाबद्दल थोडं वाचा. लावदिकीया सावकारी, काळी लोकर आणि डोळ्यांच्या औषधासाठी प्रसिद्ध होतं. इ.स. ६० मध्ये ते भूकंपाने पडलं, आणि रोमकडून मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभं राहिलं. आता ३:१७-१८ वाचा: मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही म्हणतोस? माझ्याकडून सोनं घे, पांढरी वस्त्रं घे, डोळ्यांत घालायला अंजन घे. प्रत्येक टोमणा गावच्या बाजारपेठेवर आहे. ‘कोमट’ शब्दाचंही तसंच. शेजारच्या हिरापलीत गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैत थंड पाणी होतं. यांच्या नशिबी दोन्हींपैकी काहीच नाही. गरम पाणी शेकायला बरं, थंड प्यायला बरं. कोमट म्हणजे ‘अर्धवट भक्त’ असं व्यासपीठावरून आपण कायम ऐकतो, पण इथे मुद्दा निरुपयोगी असण्याचा दिसतो.

पर्गमात इ.स.पू. २९ पासून औगुस्त कैसराचं, म्हणजे रोमच्या सम्राटाचं, मंदिर होतं. कैसरापुढे धूप जाळणं हा तिथे शिष्टाचाराचा, निष्ठेचा आणि धंद्याचाही भाग होता. थुवतीरा कारागिरांच्या संघांचं गाव. जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया तिथलीच. संघाच्या जेवणावळीत मूर्तीचा प्रसाद असायचा. तिथे बसला नाहीस तर धंद्यातून बाहेर. तेराव्या अध्यायातलं ‘खूण नसेल त्याला विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही’ हे वाक्य या लोकांनी कसं ऐकलं असेल, ते आता सांगा बरं.

सहाव्या अध्यायातल्या काळ्या घोड्यापाशी मी नेहमी थांबतो. दिनाराला एका माणसाच्या एका दिवसापुरता गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव, आणि तेल-द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नको. दिनार म्हणजे दिवसभराची मजुरी. हे मी सांगत होतो तेव्हा गाणी ऐकणाऱ्या त्याच आजींनी मला थांबवलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. “दिवसाच्या मजुरीत एकाचं पोट भरलं, मग लेकरांनी काय खायचं? आन् तेलाला हात लावू नका म्हंजे मोठ्यांच्या ताटाला हात लावू नका.” त्या वचनावर याहून चांगलं भाष्य मी कुठे वाचलेलं नाही.

अठराव्या अध्यायातली व्यापाऱ्यांची यादी बीडकडच्या एका ऊसतोड कुटुंबातल्या तरुणाने वाचली तेव्हाही असंच झालं. २८ माल आहेत. सोन्यापासून सुरू होते, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरं, घोडे, आणि सगळ्यात शेवटी माणसांचे जीव. त्याने यादी संपवली आणि म्हणाला, “म्हणजे मुकादमाच्या वहीसारखंच.” त्या गुरुवारी आम्ही पुढे वाचलं नाही.

मजकुरातच अर्थ दिलाय तिथे

योहानाने काही ठिकाणी स्वतःच अर्थ सांगितले आहेत. त्यांच्याखाली ठळक रेघ ओढा. १:२० मध्ये समया म्हणजे मंडळ्या. ५:८ मध्ये धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. १२:९ मध्ये अजगर म्हणजे सैतान. १७ व्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर, पाणी म्हणजे लोक व राष्ट्रं, आणि ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारी मोठी नगरी. सात टेकड्यांवरचं शहर म्हटल्यावर पहिल्या शतकात रोमशिवाय दुसरं नाव कोणाच्या मनात येणार? इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं, जसं पूर्वी बाबेलने पाडलं होतं. म्हणून रोमला टोपणनाव पडलं बाबेल.

अर्थ दिलेला असताना त्याच्या जागी दुसरा बसवायचा नाही, हा आमच्या गटाचा एकमेव कडक नियम.

आणखी एक खूण शोधत जा: योहान ऐकतो एक आणि वळून बघतो तेव्हा दिसतं दुसरंच. पाचव्या अध्यायात वडीलजन सांगतो, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान बघतो तर वध झालेला कोकरा उभा. सातव्यात तो आकडा ऐकतो, १,४४,०००. बघतो तर कोणाला मोजता येणार नाही इतका समुदाय. ऐकलेलं आणि दिसलेलं एकमेकांचा अर्थ लावतात. सिंहाची ताकद कशी असते ते कोकऱ्यात कळतं. मूळ ग्रीकमध्ये ख्रिस्तासाठी ‘कोकरा’ हा शब्द २८ वेळा येतो. या पुस्तकातली लढाई नुसती रक्ताची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाचवा अध्याय पुन्हा वाचावा.

आकडे

सात म्हणजे पूर्णत्व, बारा म्हणजे देवाचे लोक, चार म्हणजे चारी दिशा. १,४४,००० म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले हजार. ४२ महिने, १२६० दिवस, आणि ‘काळ, दोन काळ व अर्धा काळ’ हे तिन्ही एकच, साडेतीन वर्षं. सातचं अर्धं. संकट पूर्ण टिकत नाही, मधेच मोडतं, असं त्यातून सुचतं. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण ६६६ वर, तेराव्या अध्यायातल्या श्वापदाच्या अंकावर. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अंकांना वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच अंक होती; आपल्याकडच्या जुन्या कटपयादी पद्धतीसारखं समजा. म्हणून प्रत्येक नावाची बेरीज निघायची. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवलंय की जिचा अंक ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. ती कोण होती ते आज कोणालाच सांगता येणार नाही, पण त्या गल्लीतल्या पोरांना ठाऊक असणार. नावावरून आकडा काढणं सोपं, आकड्यावरून नाव काढणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी त्या गल्लीतलंच असावं लागतं.

‘नेरोन कैसर’ हे हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिलं तर ५० कमी होऊन ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ च आहे. ख्रिस्ती लोकांचा पहिला मोठा छळ करणारा सम्राट नेरो. मला हा अर्थ पटतो. सगळ्यांना पटत नाही. पण ओढूनताणून कोणाचंही नाव ६६६ मध्ये बसवता येतं, हे दोन्ही बाजू मान्य करतात.

चार चष्मे

एकच पान चार लोक चार तऱ्हांनी वाचतात. काही म्हणतात, बहुतेक गोष्टी पहिल्या शतकात, यरुशलेमच्या किंवा रोमच्या संदर्भात घडून गेल्या. काही यात मंडळीच्या इतिहासाचं सलग वेळापत्रक बघतात. धर्मसुधारणेच्या काळात अनेकांनी श्वापद म्हणजे पोप ठरवला तो असाच. तिसरे म्हणतात, चौथ्या अध्यायापासून पुढचं बहुतेक अजून घडायचं आहे. चौथ्यांच्या मते हे प्रत्येक काळातल्या देवाच्या आणि सत्तेच्या झगड्याचं चित्र आहे. विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांच्या राज्याबद्दलही असेच पक्ष आहेत.

आपल्याकडच्या कन्व्हेन्शनमध्ये तक्ते घेऊन येणारे बहुधा तिसऱ्या गटातले. त्यांची मांडणी पहिल्या शतकापासून जशीच्या तशी आलेली नाही. मंडळी आधी गुपचूप स्वर्गात उचलून घेतली जाईल, मग सात वर्षं संकट, ही रचना १८३० च्या दशकात जॉन डार्बी या प्रचारकांनी घडवली आणि १९०९ मध्ये छापलेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलने ती जगभर नेली. ती चूकच आहे असं मी म्हणत नाही, पण टीप आणि वचन यांत फरक आहे. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे. हे गटात शोधायला सांगा. लोक अर्धा तास पानं उलटत बसतात.

नव्याने वाचणाऱ्याने पहिल्या वर्षी कुठलाच चष्मा विकत घेऊ नये.

भूकंप झाला की

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनानंतरची पहाट, किल्लारी. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या गटातले एक भाऊ तेव्हा औसा तालुक्यात लहान होते. मदत घेऊन आलेल्यांपैकी कोणीतरी ब्लँकेटसोबत एक पत्रकही दिलं: जागोजागी भूमिकंप होतील, हे शेवटाचं चिन्ह आहे. ते म्हणाले, “ब्लँकेट घेतलं. पत्रक वाचून आई रात्रभर रडली, कारण आमचंच काही चुकलं असं तिला वाटलं.”

म्हणून मत्तय २४ नीट वाचायला शिका. शिष्य मंदिराचे दगड बघून विचारतात, आणि येशू लढाया, दुष्काळ, भूमिकंप यांचं नाव घेतो. पण सहाव्या वचनात म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आठव्यात हा वेदनांचा आरंभ आहे म्हणतो. ३६ व्या वचनात तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. भूकंपाचं नाव घेऊन तारीख काढणाऱ्याला हाच अध्याय अडवतो. ‘आमचंच काही चुकलं का’ या प्रश्नाला उत्तर लूक १३:४-५ मध्ये आहे, शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं येशू विचारतो आणि ‘नाही’ म्हणतो. दुःखात असलेल्या माणसासमोर प्रकटीकरण उघडायचंच असेल तर ही वचनं आधी.

मोबाइलवर आलेला संदेश

जून २०२० मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं, आणि तासाभरात ‘पाण्याचं रक्त’ हे वचन सगळ्या ग्रुपवर फिरलं. तपासणीत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. आधार कार्ड आलं तेव्हा खूण आली, लस आली तेव्हाही खूण आली. अशा वेळी मी तीनच गोष्टी विचारतो. दिलेल्या वचनाच्या आधीची आणि नंतरची दहा वचनं वाचलीस का? खूण १३:१६ मध्ये आहे, पण लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याचं नावही कपाळावर आहे आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ६:८ मध्ये देवाची आज्ञा हाताला व कपाळाला बांधायची आहे. मग एकच कार्डाची आणि बाकीच्या दोन मनातल्या कशा? आणि हा अर्थ स्मुर्णाच्या माणसाला सांगितला असता तर त्याला काही कळलं असतं का?

तारखा काढणाऱ्यांचा इतिहासही जवळ ठेवा. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या प्रचारकांच्या अनुयायांनी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ठरवला; लोक रात्रभर वाट बघत बसले. अमेरिकेतले रेडिओवरचे प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितला, मग ऑक्टोबर सांगितला. ही माणसं ढोंगी होती असं मला वाटत नाही. माझे फळ्यावरचे प्रचारकही नव्हते. त्यांनी शास्त्र कमी वाचलं नव्हतं, उलट खूपच वाचलं होतं, म्हणून तर भीती वाटते.

सुरुवात करायची तर

पहिल्या आठवड्यात नुसतं ऐकणं. मग दोन आठवडे दानीएल. मग सात पत्रं, घाई न करता, एका दिवशी दोनपेक्षा जास्त नकोत. त्यानंतर ४ आणि ५ एकत्र. सहापासून सोळापर्यंत शिक्के, कर्णे, वाट्या सलग वाचा आणि तिन्ही मालिका एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येतात का ते बघा. तिसऱ्या शतकातल्या विक्टोरिनस या बिशपांनाही तसंच वाटलं होतं. सतरा-अठराला एक पूर्ण संध्याकाळ. विसाव्यावर वाद होणार, तो दुसऱ्या दिवशी ठेवा. वही दर वेळी एकानेच लिहायची, आणि न सुटलेले प्रश्न मागच्या पानावर.

शेवटचे दोन अध्याय उरवून उरवून वाचायचे. २१:१ मध्ये ‘समुद्र राहिला नाही’ असं आहे, आणि त्यावर आमच्याकडे हमखास कोणीतरी कुरकुरतं. पाणी गेलं यात आनंदाचं काय? मग तेराव्या अध्यायात श्वापद कुठून वर आलं ते आठवायला लावायचं, आणि पात्म बेट नकाशावर पुन्हा दाखवायचं. चारी बाजूंना समुद्र, पलीकडे आपली माणसं, मधे रोमची जहाजं. पाणी पुढच्या अध्यायात येतंच, सिंहासनातून निघालेली नदी, दोन्ही काठांना जीवनाचं झाड.

हा अध्याय उन्हाळ्यात येईल असा बेत आखा. आमच्याकडे गेल्या वेळी तो मेमध्ये आला. वाचणारी बाई दुसऱ्या वचनावर होती, तेवढ्यात गल्लीत टँकर आला आणि ती पुस्तक उघडं ठेवून हंडा घेऊन पळाली. तिच्यामागे आणखी चौघी. आम्ही थांबलो. त्या परत आल्यावर ओल्या हातांनीच तिने पुन्हा पहिल्या वचनापासून वाचायला घेतलं.